मॉरिशसचा आठवडा: किनारा सोडून काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही, यजमान आणि सत्तरीच्या सासूबाई अशा तिघांना सात-आठ दिवस मॉरिशसला जायचं आहे. वाळूत पडून राहण्यात कुणालाच रस नाही. तिथल्या मराठी माणसांचा इतिहास, डोडो, आणि ‘जगात दुसरीकडे नाहीत असे पक्षी’ बघायचे आहेत. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात मात्र दोन दिवस वॉटर स्पोर्ट्स, एक दिवस खरेदी आणि उरलेले दिवस ‘नॉर्थ टूर’, ‘साउथ टूर’ आहेत. तेव्हा हे ठीक आहे का, आणि नसेल तर काय करावं?

ठीक नाही. वाईट आहे असं नव्हे, मधुचंद्राला गेलेल्यांसाठी तो चोख कार्यक्रम आहे. तुमच्या कामाचा नाही एवढंच. मी गेली बरीच वर्षं पक्षी-निसर्गाच्या सहलींचे गट घेऊन तिथे जातो, त्या अनुभवावर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या बेटावर मूळचा माणूस नाही. १५९८ साली डच उतरले तेव्हा तिथे मनुष्यवस्तीच नव्हती. त्यानंतर जे काही आलं ते जहाजातून आलं: ऊस, हरणं, माकडं, उंदीर, गुलाम, मजूर, मिरची, देव. विमानतळाबाहेर पडल्यावर तुम्हाला पहिली दिसेल ती साळुंकी. पाठोपाठ शिपाई बुलबुल आणि मग कंठवाला पोपट, थेट आपल्या सोसायटीतल्यासारखा कर्कश. हे सगळे आपल्याकडचे. साळुंकी फ्रेंचांनी अठराव्या शतकात टोळांचा बंदोबस्त करायला भारतातून नेली आणि ती तिथलीच झाली. मुंगूसही भारतातलं, १९०० च्या सुमारास उंदरांसाठी आणलं. उंदीर राहिले ते राहिलेच, वर पक्ष्यांच्या अंड्यांना आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. म्हणून ‘दुर्मीळ पक्षी बघायचे’ म्हणून रिसॉर्टच्या बागेत दुर्बीण घेऊन बसाल, तर पुण्यातलेच पक्षी बघून परत याल. मूळचं जे आहे ते कोपऱ्यात लोटलेलं आहे, आणि त्या कोपऱ्यात वाटाड्याशिवाय जाता येत नाही.

कधी जायचं

माझी पहिली पसंती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे तेव्हा तिथे हिवाळा संपत आलेला असतो: हवा कोरडी, गार वारा, पठारावर संध्याकाळी स्वेटर लागतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, ते टाळा. शिवाय सप्टेंबरच्या सुमारास तिथल्या खरुचीचा (केस्ट्रल, छोटा शिकारी पक्षी) विणीचा हंगाम सुरू होतो. पश्चिमेच्या समुद्रात कुबड्या देवमासेही याच काळात येऊन जातात.

आणि मुख्य कारण, याच दिवसांत गणपती असतो. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, कारण बहुतेक विसर्जनं त्या दिवशी होतात. तुमच्या घरी गणपती बसत असेल तर प्रश्नच मिटला, सासूबाई घर सोडून निघायच्या नाहीत. मग ऑक्टोबर धरा. पण घरी बसत नसेल, तर फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर झांजांच्या तालात गणपती समुद्राकडे निघालेला बघण्यासाठी तारीख जुळवून घ्या.

मराठी माणूस तिथे कसा पोचला

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याआधीची सगळी ऊसशेती मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या माणसांच्या पाठीवर चालली होती. नुकसानभरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, गुलामांना दमडीही नाही. मळेवाल्यांना नवे हात हवे होते, ते ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून पुरवले. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं करारावर आली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, मग मद्रास बंदरातून तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून सर्वांत कमी. या मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातली आपली माणसं होती.

हे सगळं जिथे घडलं ते आप्रवासी घाट राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर आहे. मजुरांना उतरवून घेण्यासाठी १८४९ साली उभारलेल्या त्या डेपोचा थोडाच भाग उरलाय. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. लोक तिथे अर्धा तास फिरून फोटो काढतात आणि ‘एवढंच?’ म्हणून निघतात. तसं करू नका. आधी शेजारच्या माहिती केंद्रात जा, मग आवारात. काळ्या दगडाच्या त्या मोजक्या पायऱ्या बघा, धक्क्यावर उतरलेला माणूस त्याच चढून वर यायचा. मग स्वयंपाकाची जागा, दवाखान्याच्या खोल्या, संडासांची रांग. डेपोत माणसाला एक नंबर मिळायचा, पुढच्या काळात फोटोही काढला जायचा, आणि मग मळ्याकडे रवानगी. करार साधारण पाच वर्षांचा.

नोंदवहीत कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. मजुराचं पहिलं नावच पुढे नातवंडांचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे आज तिथले मराठी लोक कुळकर्णी-सावंत-जाधव या आडनावांनी सापडत नाहीत. शेवटी ‘जी’ लागलेलं, फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये लिहिलेलं आडनाव दिसलं की कान टवकारा.

या नोंदवह्या आणि फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपले आहेत. तिथल्या घराण्यांना आपल्या पूर्वजाचा कागद तिथे मिळतो: जहाज, वय, उंची, जात, गाव. तुम्ही लिहिलंय की यजमानांच्या पणजोबांचे भाऊ ‘मिरचीच्या बेटावर’ गेले आणि परतले नाहीत. घरात नाव, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे साल एवढं जमत असेल, तर निघण्याआधीच संस्थेला लिहून ठेवा. नुसतं ‘कोकणातले होते’ म्हणून दारात उभं राहिलात तर हाती काही लागणार नाही, त्या वहीत ‘रत्नागिरी’ लिहिलेली माणसं पानापानावर आहेत.

समाज आज कुठे भेटतो? पश्चिमेला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कास्कावेलच्या बाजूला, आणि पठारावर वाक्वा, आन्रिएता या भागांत. आन्रिएतात १८९६ साली एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसवला असं तिथे सांगतात. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन १९६० पासून काम करतंय. शाळेत मराठी हा विषय घेता येतो. पण एक सूचना: घरात आणि रस्त्यावर ही सगळी मंडळी क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. ‘नमस्कार, कसे आहात’ पलीकडे मराठी अडखळली तर ‘अय्या, तुम्हाला मराठी येत नाही?’ असं म्हणू नका. पावणेदोनशे वर्षं आणि मधे एक महासागर आहे. त्यांनी काय टिकवलं ते बघायचं तर गणपतीत झाकरी बघा. कोकणात ज्याला जाखडी किंवा बाल्या नाच म्हणतात, त्याच घराण्यातली: रिंगण, ढोलकी, झांजा, आणि गाणी मराठीत. नाचणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचाराल तर सांगता येईलच असं नाही, पण ठेका चुकत नाही. माझ्या गटातले एक खेडचे काका पहिल्या दोन ओळी ऐकून थेट रिंगणात शिरले होते, त्यांना कुणी थांबवलं नाही.

राजधानीत त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणं जोडा. ब्लू पेनी म्युझियममध्ये १८४७ ची प्रसिद्ध पोस्टाची तिकिटं आहेत. अस्सल तिकिटांवर दिवा तासातून काही मिनिटंच लावतात, म्हणून तिकीटबारीवर वेळ विचारून घ्या. आणि नॅचरल हिस्ट्री म्युझियम, त्याचं आता सांगतो.

डोडो

डोडो म्हणजे उडायचं विसरलेलं भलंमोठं कबूतर. शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ ची. डचांनी खाऊन संपवला ही गोष्ट सोपी म्हणून पसरली. खरं नुकसान जहाजातून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी केलं. जमिनीवर घरटं, त्यात एकच अंडं. कुणीही येऊन उचलावं. वर जंगलतोड. शंभर वर्षांच्या आत पक्षी गेला, आणि नंतर तर लोकांना हा पक्षी खरंच होता का अशी शंका यायला लागली. १८६५ साली जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरांना मार-ओ-साँझच्या दलदलीत हाडांचा साठा सापडला तेव्हा वाद मिटला. ती दलदल आजच्या विमानतळापासून अगदी जवळ, उसाच्या पट्ट्यात आहे.

जगभरच्या संग्रहालयांतले बहुतेक सांगाडे अशा मिसळलेल्या हाडांचे जुळवलेले आहेत. पोर्ट लुईतला वेगळा: तो एकाच पक्ष्याचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या डोंगरांतल्या गुहा-कपारी धुंडाळून तो शोधणारे एतियेन तिरिउ हे व्यवसायाने न्हावी होते, शास्त्रज्ञ नव्हेत. संग्रहालय लहान आहे, जुनाट वाटेल, पण ते बघितल्याशिवाय बाहेर मिळणारा डोडोचा की-चेन घेऊ नका.

आणि वाटाड्या ‘तांबालाकोक’ झाडाची गोष्ट सांगेलच: डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय त्याचं बी रुजत नव्हतं वगैरे. १९७७ साली मांडलेली ही कल्पना ऐकायला सुंदर आहे, पण पुढे ती टिकली नाही. डोडो गेल्यानंतर रुजलेली झाडं आहेत.

जिवंत आहेत ते

माझ्या मते तुमच्या सहलीतला सर्वांत मोलाचा अर्धा दिवस इल-ओ-एग्रेतचा. आग्नेयेला माहेबूरच्या समोर, किनाऱ्यापासून किलोमीटरच्या आत, २६ हेक्टरचं प्रवाळखडकाचं बेट. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं, त्यांच्याच वाटाड्याबरोबर जावं लागतं, आणि जागा मोजक्या असतात. विमानाच्या तिकिटानंतर लगेच हे बुकिंग करा, हॉटेल नंतर.

तिथे काय होतं ते ऐका. मुख्य बेटावरचं मूळ जंगल चांगल्या अवस्थेत दोन टक्केही उरलेलं नाही. या छोट्या तुकड्यावर मात्र त्यांनी आधी मांजरं आणि उंदीर काढले, मग परकी झाडं उपटली, आणि मूळची एबनी (काळ्या लाकडाची झाडं) वाढू दिली. मूळची महाकाय कासवं माणसांनी संपवली होती. त्यांची जागा भरायला सेशेल्सच्या अल्डाब्रा जातीची कासवं आणली. ती एबनीची पडलेली फळं खातात, बिया विष्ठेतून दूरवर टाकतात, आणि अशा बिया चांगल्या रुजतात. कासवाला माळी म्हणून नोकरीवर ठेवलं म्हणा ना. वाटेवर एखादं कासव आडवं बसलेलं असतं, आपण वळसा घालायचा.

गुलाबी कबूतर तिथे डोक्यावरच्या फांदीवर दिसतं. आपण नेहमीच्या पारव्यासारखं काहीतरी शोधत असतो, आणि हा असतो फिकट गुलाबी छातीचा, तपकिरी पंखांचा, तांबूस शेपटीचा ऐसपैस पक्षी, माणसाला न घाबरणारा. पायांत रंगीत कडी दिसतील. प्रत्येक रंगजोडीमागे वहीत एक पान आहे: कुणाचं पिल्लू, कधी उडालं, कुणाबरोबर जोडी. १९९०-९१ च्या सुमारास रानात अशी दहाएकच कबुतरं उरली होती. आता चारशेच्या वर आहेत. तरीही त्यांना दाणे ठेवावे लागतात, उंदीर-मांजरांवर पाळत ठेवावी लागते. ते थांबलं की आकडा घसरेल, म्हणून ‘वाचवलं’ हा शब्द तिथले लोक जपून वापरतात.

खरुचीची गोष्ट त्याहून टोकाची. १९७४ मध्ये रानात फक्त ४ पक्षी माहीत होते. जंगल गेलेलं, आणि मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीने अंड्यांची कवचं पातळ झालेली. १९७९ साली कार्ल जोन्स हे वेल्समधले तरुण जीवशास्त्रज्ञ तिथे आले, खरं म्हणजे प्रकल्प आवरता घ्यायचा म्हणून. त्यांनी उलटंच केलं. घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं हाताने वाढवायची, मग रानात सोडायची. आज हे पक्षी काही शेकड्यांत आहेत, पण निर्धास्त राहावं इतके नाहीत. बघण्यासाठी पूर्वेकडचं फेर्ने खोरं गाठा. आपली खरुची माळावर हवेत एका जागी फडफडत राहते, ही तशी दिसणार नाही. पंख आखूड आणि गोलसर, काम झाडांच्या गर्दीत, भक्ष्य मुख्यतः हिरव्या पाली. म्हणून आकाशाकडे नव्हे, खोडाफांद्यांच्या उंचीवर बघायचं.

तिसरा, एको पोपट. इथे भारतीय पाहुणे हमखास फसतात, कारण आपला कंठवाला पोपट तिथे आगंतुक म्हणून राज्य करतो. ओळख अशी: एको अंगाने भरलेला, शेपूट आखूड, हिरवा रंग गडद; मादीची चोच काळी. आपल्या पोपटात नर-मादी दोघांची चोच लाल असते, शेपूट लांब निमुळती, आणि ओरडणं चिरकं. एको त्या मानाने घोगरा. ऐंशीच्या दशकात ते दहा-बाराच उरले होते, आता सातशेच्या पुढे गेलेत. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात (१९९४ साली घोषित) पेत्रँ आणि माकाबेच्या बाजूला सकाळी लवकर, नाहीतर शामारेलच्या एबनी फॉरेस्ट राखीव क्षेत्रात. राष्ट्रीय उद्यानात लालबुंद छोटे पेरू लगडलेले दिसतील, लोक पिशव्या भरभरून नेतात. हा चिनी पेरू तिथल्या जंगलाचा मोठा शत्रू आहे, तेव्हा मनसोक्त खा.

संध्याकाळी मोठी वटवाघळं फळझाडांकडे निघतात तीही बघा. जगात फक्त याच बेटसमूहावर असलेली ही जात लिची-आंब्यांवरून बागायतदारांच्या डोळ्यांवर आली आणि २०१५, २०१६ मध्ये सरकारने हजारोंनी मारली. गाडीचालकाशी हा विषय काढलात तर तासभर ऐकायची तयारी ठेवा.

माहेबूरच्या किनाऱ्यावर ‘वाकाशिओ’चं नावही ऐकू येईल. जुलै २०२० मध्ये हे मालवाहू जहाज पॉइंत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल सांडलं. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले, केससुद्धा कापून दिले. इल-ओ-एग्रेत तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथली दुर्मीळ रोपं आणि प्राणी घाईघाईने हलवावे लागले होते.

राउंड आयलंडचा हट्ट धरू नका. तिथे मॉरिशसबाहेर जगात कुठेच नसलेले साप आणि पाली आहेत, आणि म्हणूनच ते पर्यटकांना बंद आहे.

बाकीचं, पटापट

ल मोर्नचा ५५६ मीटरचा कडा लांबून बघा, पायथ्याच्या स्मारकाशी थांबा. पळालेले गुलाम तिथे लपत. मुक्तीची बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, धरायलाच आले असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या अशी कथा आहे. २००८ पासून हाही जागतिक वारसा आहे. गंगा तलाव महाशिवरात्रीला बघण्यासारखा, एरवी तास पुरे. उंच शंकराची मूर्ती वडोदऱ्याच्या सूरसागरातल्या मूर्तीवरून केलेली आहे. पांप्लमुसच्या बागेत मसाल्याची झाडं आहेत, पिएर प्वाव्र यांनी डचांच्या मक्तेदारीतून जायफळ-लवंग पळवून आणली त्या काळची आठवण. शामारेलची रंगीत माती वाटेवर आहे म्हणून बघा, मुद्दाम जाऊ नका. तामारँला पहाटे डॉल्फिनमागे बोटी पळवतात तो प्रकार मला आवडत नाही, माझ्या गटांना मी नेत नाही.

खाण्याची काळजी शाकाहारी माणसाने करू नये. दाल पुरी रस्त्यावर मिळते: आत वाटलेल्या डाळीचा कोरडा थर, तव्यावरून निघालेली मऊ पोळी, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार आमटी आणि मिरचीची चटणी. नेहमी जोडीने देतात, ‘एन पेर’ म्हणायचं. मिरची सांभाळून, विक्रेता हात सैल सोडतो.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मात्र हाताशी ठेवा. मुक्काम दोनच ठिकाणी करा, पहिले तीन दिवस माहेबूरकडे, पुढचे पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा तामारँच्या बाजूला. बेट छोटं असलं तरी पोर्ट लुईची सकाळ-संध्याकाळची गर्दी मुंबईची आठवण करून देते.

राहिला सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न. इल-ओ-एग्रेतवर चढ नाही, पण बोटीत चढता-उतरताना हात द्यावा लागेल आणि वाट प्रवाळाची, खडबडीत आहे. जाड तळव्यांचे बूट घाला, काठी असू द्या, आणि निघण्याआधी बुटांना चिकटलेल्या बिया-माती झाडून टाका. गॉर्जेसच्या दरीचं दृश्य गाडीतळापासून जवळ आहे, तिथपर्यंत त्या येतील. माकाबेची पायवाट त्यांना जमणार नाही. त्या सकाळी त्यांना पांप्लमुसच्या बागेत न्या असं मी म्हटलं असतं, पण बाग बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यापेक्षा यजमानांना पोपटांकडे पाठवा आणि तुम्ही दोघी वाक्वाच्या बाजारात जा.